गॅरेज सेलमधली अडीच खोकी : अमेरिकन विमानमासिकांचा धागा

जुना पाना
मंडळी, नमस्कार. सध्या मुलाकडे ओहायोत मुक्काम आहे. उन्हाळा लागला की इथे दर शनिवारी गल्लीत कुणी ना कुणी घरासमोर टेबल मांडून जुनं सामान विकायला काढतं. गेल्या शनिवारी चार घरं सोडून अशीच मांडणी होती. वडील गेले, घर विकायचंय, म्हणून मुलगी सगळं आवरत होती. कपबश्या, फावडी, नाताळचे दिवे, आणि टेबलाखाली केळ्यांच्या खोक्यांत मासिकं. दोन खोकी गच्च, तिसरं अर्धं. सगळ्यात वर 'फ्लाइंग'चा १९६८चा अंक. मी तिथेच मांडी घालून बसलो तो सूनबाई शोधत आली तेव्हा उठलो. दहा डॉलरला अडीच खोकी.

माझी सगळी नोकरी हँगरमध्ये पाने-स्पॅनर चालवण्यात गेली. ही मासिकं आमच्याकडे साहेबांच्या टेबलावरून उतरत उतरत यायची, चार महिने शिळी, मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल घेऊन. पोस्टर म्हणून मधलं पान आधीच कुणीतरी फाडलेलं. त्यामुळे अख्खे अंक, तेही वर्षानुवर्षांचे, पहिल्यांदाच हाती लागले. म्हटलं धागा काढावा.

सुरुवात मात्र 'फ्लाइंग'पासून नाही, मधमाश्यांपासून. राइट बंधूंनी उडत्या विमानाने पहिल्यांदा पूर्ण गोल चक्कर मारली २० सप्टेंबर १९०४ रोजी, इथूनच जवळ, डेटनबाहेरच्या हफमन प्रेअरी नावाच्या कुरणात. उड्डाण दीड मिनिटाचं. बघायला वार्ताहर एकही नव्हता. होते एमॉस रूट, मेडिना गावचे मधाच्या पेट्यांचे कारखानदार. त्या काळच्या रस्त्यांवरून मोटार हाकत एवढ्या लांब आले होते. त्यांचं स्वतःचं मासिक होतं, 'ग्लीनिंग्ज इन बी कल्चर'. त्याच्या १ जानेवारी १९०५च्या अंकात त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं: रूळ सोडून हवेत चढत आपल्याच अंगावर येणारं रेल्वेचं इंजिन डोळ्यांपुढे आणा, फक्त त्याला चाकं नाहीत, पांढरे पंख आहेत. विमानाच्या उड्डाणाचा प्रत्यक्षदर्शी लेख पहिल्यांदा छापला तो मधमाश्यांच्या मासिकाने!

आणि 'सायंटिफिक अमेरिकन'? जानेवारी १९०६ मध्ये त्यांनी राइटांच्या पराक्रमांना दंतकथेत काढलं. एवढं खरं असतं तर आमच्या वार्ताहरांना कळलं नसतं का, असा एकूण सूर. मग साक्षीदारांना पत्रं धाडली, खात्री झाली, आणि त्याच वर्षी शब्द मागे घेतले. तज्ज्ञ मासिकाला जे दिसलं नाही ते मधवाल्याला दिसलं, कारण तो उठून बघायला गेला.

खोकी चाळताना मला वारंवार हेच वाटतंय. अमेरिकेतली चांगली विमानमासिकं उठून बघायला गेलेल्या माणसांनी लिहिली. तुमच्या आठवणी लिहा. पिवळ्या कागदाचाही एक गठ्ठा निघालाय, त्याबद्दल सवडीने.

चहा_बिस्किट
वाचनखूण साठवली. मधमाश्यांचं माहीत नव्हतं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

फोर्टचा फुटपाथ
काका, जखमेवर बोट ठेवलंत. आमचं अख्खं कॉलेज न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन लायब्ररीत गेलं. एसी फुकट आणि 'एव्हिएशन वीक' फुकट. परीक्षेच्या अभ्यासाला जातो सांगून एफ-१६ची रडारं पाठ करायचो. राहिलेलं फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर. तिथे अंक वजनावर नाही, मुखपृष्ठावर विकले जायचे. लढाऊ विमान असेल तर दोन रुपये जास्त, प्रवासी असेल तर कमी. इंजिनाचा नुसता आडवा छेद असेल तर पोरगं म्हणायचं, घेऊन जा.

'एव्हिएशन वीक'चं मूळ नाव 'एव्हिएशन अँड एरोनॉटिकल इंजिनिअरिंग'. ऑगस्ट १९१६ला लेस्टर गार्डनर यांनी सुरू केलं. म्हणजे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरायच्याही आधी. १९२९ला मॅकग्रॉ-हिलने घेतलं, मधला 'वीक' १९४७चा आणि 'स्पेस टेक्नॉलॉजी' नंतर अंतराळयुगात चिकटलं. शंभरी ओलांडून अजून चालू आहे. फक्त नावात 'वीक' असूनही हल्ली दोन आठवड्यांनी निघतं.

मजा त्याच्या टोपणनावात आहे: 'एव्हिएशन लीक'. पेंटॅगॉनमध्ये कुणाला बजेट वाढवून हवं असेल तर बातमी आधी इथे गळायची म्हणे. पण गळती म्हणजे खरंच पाणी असेल असं नाही! १ डिसेंबर १९५८च्या अंकात त्यांनी ठोकून दिलं की सोव्हिएत रशिया अणुशक्तीवर चालणारं बॉम्बर उडवून बघतोय. अमेरिकेत हलकल्लोळ. त्या वेळी अमेरिकेचाही अणुविमानाचा प्रकल्प रखडत चालला होता, त्याच्या पाठीराख्यांना आयतं कोलीत मिळालं. पुढे कळलं की ते म्यासिश्चेव्ह एम-५० होतं, साध्या जेट इंजिनांचं. अमेरिकेचा स्वतःचा प्रकल्प केनेडींनी १९६१ला गुंडाळला.

मग १९९०चं 'अरोरा'. बजेटच्या कागदात एक नाव दिसलं आणि यांनी त्यातून गुप्त अतिवेगवान विमानाची बातमी काढली. मी तेव्हा फिदा होतो, वहीत चित्रंसुद्धा काढली होती. नंतर स्कंक वर्क्सचे, म्हणजे लॉकहीड कंपनीच्या गुप्त विमानं बनवणाऱ्या विभागाचे, बेन रिच आत्मचरित्रात लिहून गेले की अरोरा हे रडारला चकवणाऱ्या बी-२ बॉम्बरच्या स्पर्धेच्या पैशांचं सांकेतिक नाव होतं. माझी वही अजून आहे.

शंकासुर
धागा चांगला आहे. पण चौपाटीवर १८९५ साली तळपद्यांनी राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं, त्याची बातमी कुठल्या मासिकात आली हे पण सांगा की. का अमेरिकन मधमाश्या तेवढ्या खऱ्या?

जुना पाना
शंकासुर, रूट यांच्या लेखाचा अंक आज उघडून वाचता येतो, तारीख-वारासकट. तळपद्यांच्या उड्डाणाचा तसा त्या दिवशीचा अंक दाखवा, मी धाग्याचं शीर्षक बदलतो. तोवर त्यांच्यासाठी वेगळा धागा आहे आणि तिथे आधीच धूर निघतोय. हलकेच घ्या.

ढगाआडची
काका, मी टेक्सासात राहते, नोकरी सॉफ्टवेअरची, पण आठवड्याला तासभर सेसना १५० हे छोटं विमान भाड्याने घेऊन उडते. नवरा म्हणतो महागडं व्यसन. म्हणून जरा वेगळ्या बाजूने लिहिते.

तुमच्या खोक्यात 'फ्लाइंग'चं 'आय लर्न्ड अबाउट फ्लाइंग फ्रॉम दॅट' हे सदर असेलच. १९३९पासून चालू आहे. वाचक स्वतः लिहितो: माझं असं चुकलं, मी मरता मरता वाचलो. नाव-गावासकट. एओपीए या खाजगी वैमानिक आणि विमानमालकांच्या संघटनेच्या 'पायलट' मासिकात तेच काम 'नेव्हर अगेन' करतं. आपल्याकडे चूक कबूल करणं म्हणजे नाक कापून घेणं, आणि इथे लोक मासिकाला पाठवतात! सुरुवातीला मला ते विचित्र वाटलं होतं.

एका फेब्रुवारीत सकाळी परतत होते. हवा दमट, पंधरा-एक अंश. उतरायला पॉवर कमी केली आणि इंजिनाचे फेरे हळूहळू पडायला लागले. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ. बाहेर पंधरा अंश असले तरी आत पेट्रोलची वाफ होताना हवा इतकी गार पडते की बर्फ धरतो, हे शिकवलेलं असतं. मी कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब, ओढला. आणि इंजिन आणखीच खोकायला लागलं, अख्खं विमान हादरतंय. हात आपोआप नॉब परत ढकलायला गेला. त्याच क्षणी कुणाचा तरी लेख आठवला. नाव आठवत नाही, कुणी तरी शेतकरी होता. त्याने नेमकं हेच केलं होतं, घाबरून नॉब परत ढकलला आणि मक्याच्या शेतात उतरला. वितळलेल्या बर्फाचं पाणी इंजिनातून जातं म्हणून ते खोकतं, थांबायचं असतं. मी थांबले. पंधरा-वीस सेकंद असतील. मग एकदम गुळगुळीत आवाज. परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर मी बरोबर लिहिलं होतं, पण त्या वेळी परीक्षा आठवली नाही, तो शेतकरी आठवला.

या परंपरेचं मूळ शोधायचं तर लेटन कॉलिन्स. १९३८ला त्यांनी 'एअर फॅक्ट्स' काढलं, लहानसं, विमान सुरक्षित कसं वापरावं एवढ्याच विषयाला वाहिलेलं. त्या काळी अपघातांबद्दल मोकळेपणी लिहिणं म्हणजे गिऱ्हाईक पळवणं असं विमानधंद्यातल्यांना वाटायचं. यांनी उलट केलं. मुलगा रिचर्ड तिथेच तयार झाला, पुढे 'फ्लाइंग'चा संपादक. 'एअर फॅक्ट्स' छापील रूपात बंद पडलं, २०११पासून वेबवर पुन्हा सुरू आहे. वाचा, फुकट आहे.

फोर्टचा फुटपाथ
ताई, वाचताना माझाच हात नॉबवर होता. जबरी.

शंकासुर
मान्य, पण एक विचारतो. विमान कंपन्यांच्या जाहिरातींवर जगणारं मासिक विमानाबद्दल वाईट कसं लिहील? पायलट चुकला असं लिहायला सोपं, विमानाचीच रचना वाईट आहे असं लिहून बघा. चुकीची कबुली वाचकाची, कंपनीची कधी छापली?

ढगाआडची
प्रश्न रास्त आहे. म्हणूनच 'एव्हिएशन कंझ्युमर' निघालं. जाहिरात अजिबात घ्यायची नाही, वर्गणीवर जगायचं. कुठल्या मॉडेलचं काय मोडतं, वापरलेलं घेताना कुठे बघायचं, रोखठोक. वर्गणी महाग वाटते, पण विमान घेणाऱ्याला एका तपासणीच्या बिलापुढे ती काहीच नाही. 'फ्लाइंग'ची विमानपरीक्षणं मात्र गोडच असायची, तेवढं मान्य. प्रत्येक विमान 'हातात नाचणारं'!

बाल्साबाबू
या चर्चेत मॉडेलवाल्यांना विसरू नका. लहानपणी पुण्यात एका मामांकडे 'मॉडेल एअरप्लेन न्यूज'चे अंक होते. १९२९ला सुरू झालेलं ते. जो कोटुला नावाच्या चित्रकाराने १९३२ ते १९७० त्याची मुखपृष्ठं रंगवली. अडतीस वर्षं! आमच्याकडे बाल्सा, म्हणजे मॉडेलांसाठीचं हलकं लाकूड, मिळायचं नाही, मग मामा बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद वापरायचे. आराखडा इंचात, फूटपट्टी सेंटिमीटरची. माझं पहिलं विमान त्यामुळे एका बाजूला अडीच पट जड झालं आणि गच्चीवरून थेट शेजारच्यांच्या तुळशीत.

त्याचं भावंड 'फ्लाइंग एसेस', १९२८चं. ते आधी हवाई युद्धाच्या रंजक गोष्टींचं, दहा-पंधरा सेंटवालं. त्या काळात अशी ढीगभर होती. 'जी-८ अँड हिज बॅटल एसेस' तर १९३३ ते १९४४ चाललं, ११० अंक, आणि कथानायकाच्या कादंबऱ्या सगळ्या एकट्या रॉबर्ट होगन यांच्या. पहिल्या महायुद्धाचं आकाश आणि त्यात राक्षसी वटवाघळं, मेलेल्या वैमानिकांच्या फौजा, काय वाट्टेल ते. 'फ्लाइंग एसेस' मात्र हळूहळू मॉडेलांकडे वळलं, 'फ्लाइंग मॉडेल्स' झालं आणि २०१४ला बंद पडलं.

पण माझी लाडकी गोष्ट पीटेनपोलची. मिनेसोटात चेरी ग्रोव्ह नावाचं टीचभर गाव. तिथला बर्नार्ड पीटेनपोल, स्वतः शिकलेला मेकॅनिक. 'मॉडर्न मेकॅनिक्स'च्या संपादकाने, वेस्टन फार्मर नाव, छापलं की मोटारीच्या इंजिनावर विमान उडणं शक्य नाही. याने पत्र लिहिलं की माझं उडतंय. आणि नुसतं लिहून थांबला नाही, फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन लावलेली विमानं घेऊन मिनिआपोलिसजवळ संपादकाला दाखवायला उडत गेला. संपादकही दिलदार. १९३२च्या 'फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल'मध्ये त्याचे आराखडे छापले. 'एअर कँपर' नावाच्या त्या विमानावर आजही लोक गॅरेजमध्ये लाकूड तासत बसलेत.

जुना पाना
बाल्साबाबू, हे वाचून उठून टाळ्या वाजवल्या, सूनबाईने बघितलं. संपादक चुकला, माणूस विमान घेऊन दारात आला, आणि संपादकाने त्याचेच आराखडे छापले. मी वर जे म्हणत होतो ते हेच.

तसाच दुसरा नग 'फ्लाइंग'चा पीटर गॅरिसन. याने स्वतः आराखडा काढून, स्वतः पत्रे कापून 'मेल्मथ' नावाचं विमान बांधलं, १९७३ला उडवलं, त्यातून अटलांटिक ओलांडला, मग पॅसिफिक. आणि महिन्याच्या महिन्याला हवेचं गणित असं लिहायचा की माझ्यासारख्या डिप्लोमावाल्यालाही कळावं. १९८२ला ते विमान विमानतळावर उड्डाणाची वाट बघत उभं असताना उतरणारं दुसरं विमान येऊन त्यावर आदळलं, संपलं. माणसाने काय करावं? 'मेल्मथ २' बांधायला घेतलं.

आता 'फ्लाइंग'ची कुळकथा थोडक्यात. लिंडबर्ग अटलांटिक ओलांडून गेला त्याच १९२७ सालात शिकागोत 'पॉप्युलर एव्हिएशन' नावाने सुरू झालं. पुढे संगणकांच्या मासिकांसाठी गाजलेली झिफ-डेव्हिस कंपनी उभी राहिली ती या मासिकावर. चाळिशीच्या दशकात नाव नुसतं 'फ्लाइंग' झालं.

माझ्याकडच्या १९६८च्या अंकात एका पानाला खिडकी आहे. सेसनाची जाहिरात, 'पाच डॉलरमध्ये विमान चालवायचा पहिला धडा', आणि खालचं कूपन कात्रीने कापून नेलंय. अगदी सरळ रेषेत, घडी घालून मग कापलेलं दिसतं. त्यामुळे मागच्या पानावरच्या लेखाच्या सात-आठ ओळी गेल्या. लेख बरा आहे आणि नेमका तिथेच तुटतो.

चहा_बिस्किट
मग ही मासिकं बसली कशामुळे? इंटरनेट?

ढगाआडची
इंटरनेट नंतर आलं, आजार आधीचा. छोटी विमानं घेणारेच कमी झाले. १९७८ला अमेरिकेत १७,८११ लहान विमानं बनली. १९९४ला ९२८. मध्ये भरपाईचे खटले, तीस वर्षं जुन्या विमानाच्या अपघातालाही कारखानदार जबाबदार, विम्याचा खर्च विमानाच्या किमतीत. सेसनाने १९८६ला पिस्टन इंजिनाची विमानं बनवणंच थांबवलं. १९९४ला कायदा झाला, अठरा वर्षांपेक्षा जुन्या विमानाबद्दल कारखानदारावर दावा नाही, मग सेसना परत आली. पण तोवर जाहिरातींची पानं गेली ती गेलीच. काकांच्या खोक्यातले १९७०च्या दशकातले अंक आणि नंतरचे अंक शेजारी ठेवून जाडी बघा.

आता 'फ्लाइंग' २०२१पासून क्रेग फुलर यांच्याकडे आहे, मूळचे मालवाहतुकीच्या बातम्यांच्या धंद्यातले. त्यांनी आधी जाड कागदाचं त्रैमासिक केलं, टीपॉयवर ठेवण्याजोगं. मग 'प्लेन अँड पायलट', 'किटप्लेन्स', 'एव्हिएशन कंझ्युमर' सगळी एकेक करून त्याच छत्राखाली घेतली. स्मिथसोनियनचं 'एअर अँड स्पेस' १९८६ला सुरू झालं होतं, तेही गेलं, आता संग्रहालयाच्या सभासदांसाठी त्रैमासिक निघतं. धडधाकट आहेत ती संघटनांची: एओपीएचं 'पायलट' १९५८चं, आणि ईएए या घरी विमानं बांधणाऱ्यांच्या संघटनेचं 'स्पोर्ट एव्हिएशन'. सभासद व्हा, अंक घरी येतो.

आणि काका, तुमच्या त्या खिडकीवर औषध आहे. 'फ्लाइंग'चे जुने अंक गूगल बुक्सवर अख्खे वाचायला ठेवलेत, जाहिरातींसकट. महिना सांगा, मी ते पान शोधते.

फोर्टचा फुटपाथ
काय सांगताय! मी एवढी वर्षं अमेरिकेहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दोन अंक आणायला सांगत होतो. बायको, ऐकतेस का, कपाट रिकामं करतो. (नाही करणार.)

शंकासुर
काका, तो पिवळा गठ्ठा राहिला.

जुना पाना
राहिला नाही, मुद्दाम मागे ठेवला होता. शंकासुराच्या लक्षात राहिलं म्हणजे माणूस मनापासून वाचतोय.

'ट्रेड-अ-प्लेन'. टेनेसीमधल्या क्रॉसव्हिल गावातून १९३७पासून निघतं. पिवळा कागद आणि सगळ्या छोट्या जाहिराती: विमानं विकणे आहे, इंजिन विकणे आहे, पंख विकणे आहे. लेख एकही नाही. हँगरमध्ये हे कुणी ठेवलं नसतं, पण मला अडीच खोक्यांत सगळ्यात वाचनीय तेच वाटलं. 'मालकाचं लग्न ठरलंय' म्हणून विकायला काढलेलं विमान, 'मालकाचा घटस्फोट झालाय' म्हणूनही विकायला काढलेलं विमान.

म्हातारबाबांनी त्यात पेन्सिलीने गोल केलेत. काल तारखेप्रमाणे लावून बघितले. सगळे गोल सेसना १४०वर, दोन माणसांचं १९४०च्या दशकातलं विमान. पहिले अडीच हजार डॉलरच्या आसपास. समासात बारीक आकडेमोड, महिन्याचा हप्ता, हँगरचं भाडं, आणि एका ठिकाणी 'छप्पर' असा शब्द लिहून सगळ्यावर काट. पुढच्या गठ्ठ्यात किंमत चार हजार, मग सहा. गोल तसेच. शेवटच्या अंकांत आकडेमोड नाही, नुसते गोल.

सकाळी मुलीला ते दाखवायला घेऊन गेलो. ती म्हणाली, बाबांनी विमान कधी घेतलं नाही, ते विमानतळाच्या कुंपणाला मोटार लावून डबा खायचे. पाच डॉलरचं कूपन वापरलं का, तेही तिला माहीत नव्हतं. पिवळा गठ्ठा तिने ठेवून घेतला. मला बरं वाटलं, कारण आता प्रश्न असा आहे की परतीच्या प्रवासात २३ किलोच्या दोन बॅगा, त्यात सूनबाईने दिलेलं सामान आधीच, आणि माझ्याकडे अजून पावणेदोन खोकी शिल्लक.

ढगाआडची, अंक जुलै १९६८. पान सापडलं तर इथेच टाका.

बाल्साबाबू
काका, पुण्यात उतरवून घ्यायला मी गाडी घेऊन येतो. फक्त इंचाची पट्टी पण आणा.